गुडघ्याची जागा

सोमवार, ११ जानेवारी १९८८

नाताळात यूगेतने ही वही दिली. "फ्लोरेतशी जे बोलायचास ते आता हिच्याशी बोल, आल्सिद. माझे कान किटले," म्हणाली. खरं तर रोज फोन तीच करते. पण मेहुणी आहे, माझ्या बायकोची, फ्लोरेतची एकुलती बहीण, तिला काय बोलणार? वही दोन आठवडे फ्रिजवर पडून होती. आज लिहिण्यासारखं काहीतरी झालं म्हणून खाली काढली.

दुपारी चारला मार्जोलेन बोर्दलो आली. शाळेची बस चालवते, तेहतीस-चौतीसची असेल. खांद्यावरचे आइस हॉकीच्या गोलकीपरचे जुने पायाचे पॅड दारातच खाली टाकून म्हणाली, "मस्यू त्रेपानिए, हे तुम्हीच केलेत ना?" बघताक्षणी ओळखले. सत्तर-एकाहत्तरची जोडी, तिच्या भावासाठी केलेली. आत भरलेले हरणाचे केस खाली घसरून गुडघ्याची जागा पोकळ झाली आहे. तिथे खेळातली रबरी चकती बसली की पाय घोट्यापर्यंत बधिर होतो म्हणाली. पँट वर करून काळंनिळं दाखवलं.

बायकांच्या संघात ही नऊ वर्षं राखीव गोलकीपर. नऊ वर्षं बाकावर बसून इतरांना पाणी दिलं. आता पहिली गोलकीपर नवऱ्याबरोबर आल्बर्टाला गेली, म्हणून सत्तावीस फेब्रुवारीला त्र्वा-रिव्हिएरच्या स्पर्धेत गोलात ही उभी राहणार. दुकानातले फोमचे पॅड घालून बघितले, बसत नाहीत. तिची नडगी लांब आणि मांडी आखूड. असले पाय कारखान्याला ठाऊक नसतात.

"पुढच्या वर्षी कोणीतरी वीस वर्षांची पोरगी येईल," म्हणाली. "माझी ही एकच खेप आहे."

एप्रिलमध्ये फ्लोरेत गेली तेव्हापासून मी नवी जोडी केलेली नाही. बक्कल बदल, पट्टा शिव, एवढंच. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणालो.

शुक्रवार, १५ जानेवारी

मापं घेतली. लोक मोज्यांवर माप घेतात आणि मग पॅड आखूड झाला म्हणून रडतात. माप स्केट घालून घ्यायचं, तेही गोलात उभं राहतात तसं गुडघे वाकवून. जमिनीपासून घोटा, घोट्यापासून गुडघ्याची वाटी, वाटीच्या वर मांडीला किती झाकायचं ते. रुंदी दहा इंच, नियमात त्याहून जास्त बसत नाही. ती स्वयंपाकघरात स्केट घालून वाकून उभी होती आणि मी जमिनीवर बसून आकडे लिहीत होतो. "फरशीला चरे पडतील," म्हणाली. म्हटलं, चाळीस वर्षांचे पडलेत, त्यात तुझे दोन.

कॉफी दिली. घरात बिस्किटं नव्हती. पुढच्या वेळी आणून ठेवायला हवीत.

बुधवार, २० जानेवारी

पुढचं चामडं कापलं, मागचं जाड कापड कापलं. दोन्ही एकावर एक ठेवून उभ्या शिवणी घातल्या की मध्ये लांब नळ्या तयार होतात, त्यात हरणाचे केस ठासायचे. हरणाचा केस आतून पोकळ असतो, म्हणून वजनाला हलका, आणि कितीही दाबला तरी परत उभा राहतो. गुडघ्यावरच्या तीन आडव्या वळकट्यांत मात्र सावरीचा कापूस.

भरायचं काम दोघांचं आहे. एकाने नळीचं तोंड फाकवून धरायचं, दुसऱ्याने काठीने ठासायचं. तोंड फ्लोरेत धरायची. आज नळीचं एक टोक दातात आणि एक डाव्या हातात धरून ठासलं. दिवसभर तोंडात केस येत होते. संध्याकाळी आरशात पाहिलं तर मिशीला हरणाचे केस. एकटाच हसलो, मग हसू थांबलं.

शिवण बंद करण्याआधी फ्लोरेत पॅड जमिनीवर ठेवायची, झगा वर खोचायची आणि गुडघ्यांवर धपकन पडायची. दोनदा, तीनदा. मी अजून मूठभर केस घालायचो, ती परत पडायची. मग कधीतरी "झालं, शिव" म्हणायची आणि मी दाभण उचलायचो. चाळीस वर्षांत आमच्याकडून गेलेली प्रत्येक जोडी तिच्या गुडघ्यांनी पास केली. आज मीच पडून पाहिलं. माझं वजन जास्त आणि गुडघा म्हातारा, त्यामुळे काही कळलं नाही. मार्जोलेनलाच बोलवावं लागणार, दुसरा इलाज नाही.

मंगळवार, २६ जानेवारी

पोरांना सोडून चारला आली. वाटाण्याचं सूप केलं होतं. उभ्याउभ्याच खाते का काय असं वाटलं, पण बसली. दोन वाट्या घेतल्या. आई गेल्यापासून ती एकटीच राहते, रात्री टोस्टवर भागवते म्हणे. मी तिला ओरडलो. गोलात उभी राहणार आणि खाणार काय तर टोस्ट!

पॅडच्या डाव्या गुडघ्याची जागा सैल आहे म्हणाली. उसवून केस वाढवायला हवेत.

शुक्रवार, २९ जानेवारी

तूर्तिएर केला, खिमा भरलेली पाई, फ्लोरेतच्या पाककृतींच्या वहीतून बघून. वरचा पापुद्रा करपला. मार्जोलेन म्हणाली, "मस्यू त्रेपानिए, हा पॅडच्या आत भरा, चकती आपटून परत मैदानावरच्या ब्लू लाइनपर्यंत जाईल." इतकी हसली की पाणी प्यावं लागलं. बसमधल्या एका मुलीची गोष्ट सांगितली, रोज उतरताना ड्रायव्हरला मुका देते आणि रोज वेगवेगळ्या गालावर. गेली तेव्हा पावणेसहा झाले होते.

उजवा गुडघा सैल. उसवणार.

मंगळवार, २ फेब्रुवारी

आज शांदलर, चर्चचा मेणबत्त्यांचा सण, म्हणून धिरडी. हातात नाणं धरून तव्यावरचं धिरडं उलटं उडवायचं, नीट पडलं की वर्ष चांगलं जातं. तिचं नीट पडलं. माझं स्टोव्हच्या मागे गेलं, ते अजून काढलेलं नाही. मेपलचा पाक मागच्या वर्षीचा होता, फ्लोरेतने भरलेली शेवटची बाटली. संपवली. वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण नाही वाटलं.

गुडघा ठीक.

शनिवार, ६ फेब्रुवारी

काल मार्जोलेन पॅड बांधून वीस वेळा तरी गुडघ्यांवर पडली आणि म्हणाली, "अगदी बरोबर! आता कधी नेऊ?" मी म्हटलं, मंगळवारी बघू. रात्रभर मनात येत राहिलं की केस अजून नीट बसलेले नाहीत. आज सकाळी दोन्ही गुडघे उसवले. मूठभर काढले, मूठभर घातले.

रविवार, ७ फेब्रुवारी

यूगेतचा फोन. "अजून झाले नाहीत? फ्लोरेत 'झालं' म्हणायची म्हणून तू थांबायचास, नाहीतर अजून लग्नाच्या वेळच्या जोडीवरच बसला असतास." हिला कामातलं काय कळतं? टोप्या विणणारी बाई. मी विषय बदलला. दुपारी बाहेर उणे पंचवीस होतं, खिडकीच्या आतून बर्फ धरला होता. शेजारच्या घरातली माणसं मुलीकडे गेली आहेत, तिकडचा दिवाही नाही. मंगळवारसाठी डुकराचं मटण आणून ठेवलं.

शुक्रवार, १२ फेब्रुवारी

मंगळवारीही बरोबर म्हणाली, आजही बरोबर म्हणाली. "मस्यू त्रेपानिए, मला ते बर्फावर घालून मळवायला, मऊ करायला हवेत. नवं चामडं पहिले आठ दिवस लाकडासारखं असतं." तिचंही खरं आहे. पण गुडघ्याची जागा अशी घाईत बंद करून चालत नाही. पुढच्या मंगळवारी नक्की देतो म्हटलं.

शनिवार, १३ फेब्रुवारी

उसवून परत शिवायला घेतलं. उजव्या गुडघ्यावर टाका ओढला आणि चामड्याची कड टर्रकन फाटली, पोस्टाचं तिकीट भोकांच्या रेषेवर फाटतं तशी. बोटभर नाही, चांगली वीतभर. चामड्याला पडलेलं भोक कापडासारखं बुजत नाही. हे शिकाऊ पोरालासुद्धा पहिल्या दिवशी सांगतात: चामडं दोनदा शिवावं, तिसऱ्यांदा फेकावं. ही माझी चौथी वेळ होती.

मंगळवार, १६ फेब्रुवारी

उद्यापासून ईस्टरपूर्वीचे उपास, म्हणून आज मटणाचा रस्सा, बटाटे, साखरेची पाई. टेबलावर नवीन कापड घातलं होतं. पॅड मी आतल्या खोलीत ठेवले होते, पण ती सरळ आत गेली आणि फाटलेला पॅड घेऊन बाहेर आली.

"ही भोकं कसली?"

"शिवणीची."

"ते मलाही दिसतंय. किती ओळी आहेत?"

तिने नखाने मोजल्या. "चार. सैल आहे असं मी एकेका गुडघ्याला एकदाच म्हटलं होतं. बाकी वेळा कोणी सांगितलं?"

"केस बसले नव्हते नीट."

"तुमच्यासमोर वीस वेळा पडले मी! बरोबर आहे म्हटलं की नाही?"

"तुला नाही कळत त्यातलं."

"गुडघा माझा आहे, मस्यू त्रेपानिए! मला नाही कळणार तर कोणाला कळणार, बिशपला?" मग आमच्याकडे देतात तशा, चर्चमधल्या पेल्यापासून वेदीपर्यंत एकेका पवित्र वस्तूचं नाव घेऊन तिने शिव्या घातल्या. माझ्या बापानंतर इतक्या सलग शिव्या मी ऐकल्या नव्हत्या. "अकरा दिवस राहिलेत. अकरा!"

कोट चढवताना तिचं टेबलाकडे लक्ष गेलं. दोन ताटं, नवीन कापड, मधोमध पाई. मग हळू आवाजात म्हणाली, "मला वाटत होतं तुम्हाला आता काम जमत नाही. तसं असतं तर बरं झालं असतं."

रस्सा तसाच आहे. मला भूक नाही.

बुधवार, १७ फेब्रुवारी

सकाळी चर्चमध्ये कपाळाला राख लावून घेतली. पाद्रीबाबांनी विचारलं, बरा आहेस ना? म्हटलं, बरा आहे.

घरी येऊन ही वही पहिल्यापासून वाचली. सूप, तूर्तिएर, धिरडी, ती किती हसली, किती वाजता गेली. गुडघ्यावर एकेक ओळ. दोन फेब्रुवारीला तर मीच लिहिलंय, "गुडघा ठीक." आणि सहा तारखेला उसवला.

म्हणजे मी मुद्दाम केलं. त्या वेळी मला तसं वाटत नव्हतं, पण हात माझेच होते. एका बाईची नऊ वर्षांनी आलेली खेप मी माझ्या मंगळवार-शुक्रवारसाठी अडवून धरली. लाज वाटते. हे यूगेतलाही सांगता येणार नाही.

दुपारी नवं चामडं काढलं.

शनिवार, २० फेब्रुवारी

उजव्या पॅडचा पुढचा भाग पूर्ण नवा. डाव्याचीही कड कमजोर झाली होती, म्हणून तोही नवाच केला. एक ठेवला आणि एक बदलला तर दोघांचा ताण वेगळा येतो आणि पाय एका बाजूला वळतो. काल भरले, आज सकाळी गुडघे बंद केले. एकदाच. दाभण मध्ये कुठेही थांबवला नाही. बाहेरच्या कडेची लांब वळकटी, घोट्याजवळची घडी, मागचे पट्टे, बुटाला बांधायची वादी, सगळं दुपारपर्यंत लागलं.

आता प्रश्न मळवण्याचा. तिला आठ दिवस हवे होते, ते मी खाल्ले. म्हणून मीच बांधले. माझी नडगी तिच्याहून आखूड, मांडीला पॅडची वरची कड टोचते, पण वाकवायला काय, कोणाचाही पाय चालतो. पॅड घालून भांडी घासली. पॅड घालून कचरा टाकायला गेलो तेव्हा समोरच्या मादाम वेलेतने पडदा बाजूला केला, मग लगेच ओढून घेतला. सहासष्ट वर्षांचा माणूस स्वयंपाकघरात गुडघ्यांवर पडतो आणि उठतो. उठायला टेबलाचा पाय धरावा लागतो.

सोमवार, २२ फेब्रुवारी

तिसरा दिवस. लाकडी हातोड्याने ठोकले, परत घातले. आज पन्नास वेळा पडलो. गुडघ्याखाली दोन्हीकडे सारखं लागतं. चामडं आता पायाचं ऐकायला लागलंय. यूगेत म्हणाली, आवाज का असा येतोय तुझा, धावत होतास का? म्हटलं, हो.

मंगळवार, २३ फेब्रुवारी

घरी बोलावलं असतं तर आली असती की नाही कोण जाणे, आणि बोलवायला तोंड नव्हतं. सकाळी सात वाजता पॅड घसरगाडीवर बांधले आणि ओढत कोपऱ्यावरच्या बसथांब्याशी जाऊन उभा राहिलो. तिथे पाच-सहा पोरं होती. एकाने विचारलं, "आजोबा, तुम्ही कितवीत?"

पिवळी बस आली, दार उघडलं. मार्जोलेन वरून बघत होती. पोरं आत शिरताना ओरडली, "मार्जो, याला तिसरीत बसव!" ती म्हणाली, "गप्प बसा, नाहीतर चालत नेईन सगळ्यांना."

मी पॅड वर दिले. "झालेत," म्हटलं.

तिने एक मांडीवर घेतला, गुडघ्याच्या जागेवर अंगठा फिरवला. भोकांची एकच ओळ. घोट्याची घडी वाकवून पाहिली आणि माझ्याकडे बघितलं. "हे मळवले कोणी?"

"वेळ होता मला."

"घालून बघायला संध्याकाळी येऊ का?"

"नको. रिंकवर जा आणि घालून बघ. माझ्याकडे येण्यात वेळ घालवू नकोस."

मागून गाड्या भोंगे वाजवत होत्या. तिने पॅड सीटच्या मागे ठेवले, दार बंद झालं. थँक्यू म्हणाली की नाही ते पोरांच्या गलक्यात ऐकू आलं नाही. रिकामी घसरगाडी ओढत घरी आलो. पुढे शुक्रवारी काही करायचं नव्हतं.

रविवार, २८ फेब्रुवारी

कालचं आज लिहितो. यूगेतला बरोबर घेऊन त्र्वा-रिव्हिएरला गेलो. मार्जोलेनला कळवलं नव्हतं. चाळीस वर्षांत मी रिंकवर फक्त मापं घ्यायला गेलो, सामना बसून कधी बघितला नाही. शनिवार आमचा पॅड भरण्याचा वार, सामने रेडिओवर.

पहिला सामना तीन-एक जिंकल्या. दुसरा दोन-एक हरल्या आणि संपलं. ओरडून ओरडून यूगेतचा घसा बसला. "गोल झाला, आल्सिद! तू बघतोयस कुठे?" मी गुडघे बघत होतो. मार्जोलेन किती वेळा खाली गेली ते मोजायचं सोडून दिलं. एकदा अगदी जवळून फटका आला तो सरळ उजव्या गुडघ्यावर. आवाज वरपर्यंत आला. मी उभा राहिलो. ती उठली, पाय एकदा झटकला आणि परत वाकून तयार झाली. मी खाली बसलो तेव्हा यूगेतने माझा हात धरला होता, कधी धरला कळलं नाही.

सामन्यानंतर कठड्याशी गेलो. ती हेल्मेट काढून येत होती, केस घामाने चिकटलेले, डोळे लाल. मला बघून थबकली.

"दोन गोल खाल्ले," म्हणाली.

"पंचवीस अडवलेस. यूगेतने मोजलेत."

ती हसली नाही, पण चेहरा सैलावला. मग खाली पायांकडे बघत म्हणाली, "डावा गुडघा जरा सैल वाटतोय. तुमच्याकडे आणावा लागेल. मंगळवारी चारला आणू?"

तिच्या डोळ्यांत मी बघितलं. तिने नजर चुकवली.

मी दोन्ही सामने पूर्ण वेळ तो गुडघा बघत होतो. इतका नीट बसलेला गुडघा मी आयुष्यात केलेला नाही. हो म्हणायला जीभ अगदी दातांपर्यंत आली होती.

"सैल नाहीये तो," मी म्हटलं. "त्याला आता कोणी हात लावायचा नाही. तुला यायचं असेल तर अशीच ये. पॅड घरी ठेवून."

आतून तिच्या मैत्रिणी हाका मारत होत्या. "बघते," म्हणाली आणि गेली.

परतीच्या बसमध्ये यूगेत झोपली. मी विचार करत होतो की सैल आहे म्हटलं असतं तर मंगळवारी ती नक्की आली असती. आता काही नक्की नाही. मंगळवारला अजून दोन दिवस आहेत, आणि घरात पॅडचं कुठलंही काम शिल्लक नाही. आलीच तर ती नुसती भेटायला येईल.